चोवीस जणांचा वर्ग

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून फोनवरची बारीक अक्षरं तुम्हाला त्रास देतात, म्हणून हे कागदावर, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. शिवाय तुमचा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता. तुम्ही म्हणालात, "सईला त्या छोट्या सरकारी हायस्कुलात घालताय, पण निकाल बघितलास का? गेल्या वर्षी 96 टक्के, यंदा 79. काहीतरी बिघडलंय तिथे." आई काहीच बोलली नाही. ती गप्प राहिली की तिला काळजी वाटतेय हे मला कळतं.

निकाल मी बघितला होता, आणि पहिल्या दिवशी माझंही मन मागे फिरलं होतं. मग कागद-पेन घेऊन बसले. शेवटच्या वर्गात मुलं 24. गेल्या वर्षी 23 पास झाली, यंदा 19. म्हणजे सगळा फरक 4 मुलांचा! या शाळेत एक मूल म्हणजे 4 टक्क्यांहून जास्त.

नाणं उडवून शक्यतेचं गणित तुम्हीच मला शिकवलंत, तेच इथे लावलं. समजा शाळा दोन्ही वर्षी अगदी तशीच आहे, शिक्षक तेच, शिकवणं तेच, आणि प्रत्येक मूल पास होण्याची शक्यता 85 टक्के. तरीसुद्धा 25 जणांच्या वर्गाचा निकाल निव्वळ योगायोगाने साधारण 7 टक्के इकडे-तिकडे होतो. कधी 78, कधी 92, आणि अधूनमधून त्याच्याही पलीकडे. 400 मुलं परीक्षेला बसत असतील तर हाच हेलकावा 2 टक्क्यांच्या आत राहतो. मुलं 16 पट झाली की हेलकावा 4 पटींनी कमी, वर्गमूळाचा हिशोब. 18व्या शतकापासून गणितज्ञांना हे ठाऊक आहे, तरी शाळांच्या याद्या लावताना ते विसरलं जातं.

हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वर्लिंग या दोघांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या 1,662 शाळांचे पाचवीचे वाचनाचे गुण तपासले होते. सर्वांत वरच्या 50 शाळांमध्ये राज्यातल्या सर्वांत लहान 50 शाळांपैकी 6 होत्या. आकाराचा काही संबंध नसता तर एखाद-दुसरी असायला हवी होती. नुसती वरची यादी बघणाऱ्याला वाटेल, छोट्या शाळाच उत्तम. पण सर्वांत खालच्या 50 मध्ये त्याच छोट्या शाळांपैकी 9 होत्या. मुलं थोडी असली की शाळा यादीच्या दोन्ही टोकांना फेकली जाते. म्हणून गेल्या वर्षीच्या 96वर मी भाळले नाही, आणि यंदाच्या 79ने घाबरलेही नाही.

पण 17 टक्क्यांची घसरण लहान नाही, तेव्हा नुसत्या गणितावर विसंबून राहणं मला पटेना. मी शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंना सरळ विचारलं, यंदा नापास झालेल्या 5 मुलांचं काय झालं? बाबा, त्या माझ्याशी ज्या तऱ्हेने बोलल्या, त्यातच मला निम्मं उत्तर मिळालं. त्यांनी कुठलाही तक्ता उघडला नाही. एकाही मुलाचं नाव न सांगता त्या पाचही जणांबद्दल बोलल्या. एकाच्या घरी वर्षभर आजारपण होतं. दोघं वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या शाळेतून आले होते. एकीला लिहिण्याची अडचण आहे आणि ती शाळेच्या फार उशिरा लक्षात आली. हे सांगताना "ही आमची चूक आहे" असं त्या स्वतःहून म्हणाल्या. पाचव्या मुलाबद्दल म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. तो परत परीक्षेला बसतोय, रोज दुपारी इथेच अभ्यासाला येतो." मी थोडी थांबले तेव्हा तो खरंच ग्रंथालयात बसलेला दिसला.

मग मी गेल्या सहा वर्षांचे आकडे मागितले आणि तीन-तीन वर्षांची मुलं एकत्र धरून निकाल काढला. दोन्ही गटांत तो जवळजवळ सारखाच निघाला. छोट्या शाळेचा निकाल असा एकत्र करूनच वाचावा, एका वर्षावर अडून बसू नये.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच होता. टक्केवारी काढताना भागलं कितीने? परीक्षेला बसलेल्या मुलांनी भागलं तर एखादी शाळा कच्च्या मुलांना आधीच वाटेला लावून 100 टक्के दाखवू शकते. म्हणून मी विचारलं, नववीत जी मुलं आली त्यांतली शेवटपर्यंत किती पोचली, आणि मधे गेलेली कुठे गेली? बाईंनी वही काढली. प्रत्येक नावासमोर नोंद होती, शाळा बदलली, गाव बदललं, कामाला लागला. कामाला लागलेला एकच होता, आणि त्याच्या घरी शिक्षक तीनदा जाऊन आल्याच्या तारखा होत्या. हजेरीचंही तसंच. वर्षातले 10 टक्के दिवस बुडाले की ती गैरहजेरी धोक्याची समजावी, असा निकष पुष्कळ ठिकाणी वापरतात. 180 दिवसांच्या वर्षात ते होतात 18 दिवस, म्हणजे महिन्याला दोन. इथे सलग तिसऱ्या दिवशीच घरी फोन जातो.

आई, तुला आठवतंय, तू नेहमी म्हणायचीस की हुशार मुलं घेतली तर निकाल लावायला शाळा कशाला लागते? तुझं म्हणणं फार मोठ्या पाहणीत दिसलेलं आहे. 1966 साली जेम्स कोलमन यांचा अहवाल आला, सुमारे 6 लाख अमेरिकन मुलांच्या माहितीवरचा. मुलांच्या गुणांमधल्या फरकाशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध जास्त, असं त्यात निघालं. मी त्यातून एवढंच घेतलं की मूल कुठे पोचलं हे बघायचं तर ते निघालं कुठून हेही बघावं. या शाळेत येणाऱ्या बऱ्याच मुलांना नववीत नीट परिच्छेद लिहिता येत नाही. मी बाईंच्या परवानगीने तीन वह्या चाळल्या, त्याही वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या. शिक्षकांनी नुसती बरोबरची खूण केलेली नव्हती. "हे वाक्य कशावरून लिहिलंस?" असे प्रश्न समासात होते, आणि मुलांनी खाली उत्तर लिहून वाक्य बदललेलं होतं. नवी इमारत किंवा चकचकीत फलक बघून मला एवढा भरवसा वाटला नसता.

उणिवा आहेत, त्या लपवणार नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी 1959 मध्येच म्हटलं होतं की शेवटच्या वर्षाला किमान 100 मुलं नसतील, तर हायस्कूल पुरेसे विषय नीट शिकवू शकत नाही. त्यांच्या मोजपट्टीवर ही शाळा बसत नाही. वरच्या पातळीचं गणित दरवर्षी नसतं, एक वर्षाआड असतं. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकच सर शिकवतात, आणि ते दोन वर्षांत निवृत्त होणार आहेत. मोठ्या शाळेत एक शिक्षक गेला तर पाच उरतात. इथे एक गेला तर विषयच जातो. माझी खरी काळजी ही आहे, निकालाची नाही.

दुसरी बाजूही सांगते. रॉजर बार्कर आणि पॉल गंप यांनी 1964 मध्ये कॅन्ससमधल्या लहान-मोठ्या हायस्कुलांचा अभ्यास मांडला. मोठ्या शाळांत उपक्रम जास्त होते, पण बरीचशी मुलं बघे होती. लहान शाळांत उपक्रम कमी, पण माणसं अपुरी पडत असल्यामुळे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही जबाबदारी येई. अभ्यासात मागे असणारी मुलंसुद्धा त्यातून सुटत नसत. सई कशी आहे तुम्हाला माहीत आहे. कुणी हाक मारल्याशिवाय ती पुढे होत नाही. 24 जणांत तिला हाक मारावीच लागेल.

हे लिहिताना मला माझी नववी आठवते. तुम्ही किती धडपड करून मला त्या नावाजलेल्या शाळेत घातलंत, ते मी विसरलेले नाही आणि कधी विसरणार नाही. तिचा निकाल दरवर्षी उत्तम लागायचा. पण एका वर्गात आम्ही 60 जणी होतो. गणितात मी पार मागे पडले तरी वर्षभर तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं आई तुझ्या, मी रात्री वही उघडून नुसती बसते हे बघून. मग बाबा सहा महिने रोज पहाटे माझ्याबरोबर उठले. आकड्यात मी पास झालेली, म्हणजे शाळेच्या खात्यावर जमा. त्यामुळे शाळा पारखताना माझ्या डोळ्यांसमोर एकच प्रश्न होता. तिथे आईसारखं कुणी बघतंय का? वही उघडून नुसत्या बसलेल्या मुलीकडे कुणाचं लक्ष जातं का?

बाईंना मी निघताना विचारलं, "या महिन्यात तुम्हाला कुणाची सर्वांत जास्त काळजी वाटते?" त्यांनी लगेच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर दोन शिक्षकांना वेगवेगळं तेच विचारलं. वर्णनावरून तिघंही एकाच मुलाबद्दल बोलत होते.

अर्ज भरला आहे. भौतिकशास्त्राच्या सरांनंतर कोण, हा प्रश्न मी आणखी चार पालकांना बरोबर घेऊन लेखी दिला आहे. उत्तर महिनाभरात द्यायचं त्यांनी कबूल केलंय; आलं की कळवते. समाधानकारक नसेल तर पुन्हा जाईन. आणि बाबा, सहा वर्षांच्या आकड्यांचा कागद सोबत जोडला आहे. माझी बेरीज एकदा तपासून द्याल? सई रविवारी फोन करेल. तिला तुमच्याकडून वर्गमूळाचा तो नियम समजून घ्यायचा आहे, माझ्याकडून नको म्हणते.

आई, गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस. दोघांनी तब्येतीची काळजी घ्या.

तुमची,
मनू