दुकानं गेली ती गेली, घरातल्या कॅसेटी तरी वाचवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, आनंद झाला, व्हायलाच पाहिजे. पण आपल्या सांगली-मिरजेत गाणं घराघरात पोचवायचं काम ज्यांनी केलं त्या कॅसेटच्या दुकानदारांबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या मला तरी दिसल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ या भागात एके काळी कॅसेटची दुकानं होती. बाहेर स्पीकर, आत भिंतभर फळ्या, काउंटरवर एका कॅसेटवरून दुसरीवर गाणी भरणारा डबल डेक. विकत घ्यायला पैसे नसले की आपण वहीच्या कागदावर गाण्यांची लिस्ट द्यायची, सोबत कोरी कॅसेट, आणि दोन दिवसांनी भरून मिळायची. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, त्यात सहा-सात गाणी, आणि शेवटचं गाणं मधेच तुटू नये म्हणून दुकानदार पेन घेऊन मिनिटांचा हिशोब करायचा, लिस्टमधलं आठवं गाणं चौथ्या नंबरला आणायचा, वर विचारायचा की शेवटी दोन मिनिटं उरतायत, एखादा अभंग टाकू का? आणि आतल्या कार्डावर बारीक अक्षरात सगळी नावं लिहून द्यायचा. आज मोबाईलवर काय हवं ते मिळतं, पण असं विचारणारं कोणी नाही हो.

गिऱ्हाईक पण कसलं कसलं! सांगली म्हणजे नाट्यपंढरीच, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक केलं, त्यामुळे नाट्यसंगीताला मरण नव्हतं, मास्टर दीनानाथ आणि बालगंधर्व मागणारी म्हातारी माणसं रोज यायची, पद नीट आठवत नसलं की तिथंच गुणगुणायची आणि दुकानदार नाटकाचं नाव सांगून कॅसेट काढून द्यायचा. जतकडची माणसं कन्नड भजनं न्यायची. लग्नसराईच्या आधी बँडवाले यायचे, नवं गाणं बसवायला. हे दुकानदार काही गायक नव्हते, पण त्यांचा कान तयार होता, मी तर म्हणेन माझ्या पिढीला गाणं ऐकायला त्यांनीच शिकवलं.

मग एमपीथ्रीच्या सीडी आल्या, एकीत शंभर-सव्वाशे गाणी, मग मेमरी कार्ड भरून द्यायची दुकानं, मग तेही गेलं. आता तिथं मोबाईल कव्हर मिळतात. धंदा बदलतो, कुणाला दोष द्यायचा नाही. कृष्णेचा २००५ आणि २०१९ चा पूर ज्यांनी पेठेत बघितलाय, २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटावर गेलेलं बघितलंय, त्यांना माहितीय काय काय चिखलात गेलं ते.

पण माझं खरं म्हणणं पुढं आहे. कंपन्यांनी काढलेलं गाणं इंटरनेटवर कुठं ना कुठं सापडतंच. जे इथल्या माणसांनी इथं रेकॉर्ड केलं ते कुठं सापडणार? मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ होणारं गाणं कुणीतरी टेपवर घेतलेलं असतं, गणेशोत्सवातले कार्यक्रम, भजनी मंडळं, कुणाच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या. आमच्या गल्लीतल्या भजनाची एक नव्वद मिनिटांची कॅसेट माझ्याकडं आहे, त्यात अभंग चालू असताना मागून आवाज येतो, "अरे कणीक लाव, पखवाज उतरलाय" (पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावून सूर जमवतात), आणि मग पाण्याच्या तांब्याचा आवाज, दोन थापा, आणि परत अभंग. तो पखवाज वाजवणारे काका आता नाहीत. त्यांच्या मुलाला ऐकवलं तर त्यानं तेवढाच तुकडा चार वेळा मागं घेऊन ऐकला.

अशा कॅसेटी सांगली-मिरजेत माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या वर किती असतील, आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी त्यातल्या काही भंगारात जातात. टेपला ओल लागली की बुरशी धरते, पांढरी पूड दिसते. तशी कॅसेट लगेच वाजवू नका, टेप तुटते आणि मशीनचं हेडही खराब होतं, आधी जाणकाराला दाखवा. आणि हे काम घाईचं नाही, नव्वद मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात.

म्हणून महापालिकेला, नगर वाचनालयाला आणि आपल्या कॉलेजांना कळकळीची विनंती, एक खोली द्या, दोन चांगले डेक, एक कॉम्प्युटर. डेकचे बेल्ट बदलणारे, हेड साफ करणारे जुने मेकॅनिक अजून गावात आहेत, टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतायत, त्यांना मानधन देऊन बोलवा, सोबत चार पोरं शिकतील. लोकांची कॅसेट लोकांना परत द्यायची, फक्त कॉपी ठेवायची, आणि कोण गातंय, कुठं, कोणत्या साली एवढं देणाऱ्याकडून तेव्हाच लिहून घ्यायचं, कारण सांगणारी माणसं थकत चाललीत.

आणि खोली तळमजल्यावर नको. २०१९ च्या पुरात वाचनालयाच्या पुस्तकांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. एक कॉपी विश्रामबागेत ठेवा, दुसरी मिरजेत.

आपला,
एक वाचक, खणभाग, सांगली