'३०० नंतर' : एक आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

व्यायामशाळेत तुम्ही मला वजने उचलायला शिकवता, त्याबद्दलचे आभार तोंडी मानले असते तर तुम्ही नेहमीप्रमाणे हात हलवून विषय पुढच्या सेटकडे वळवला असता, म्हणून हे लिहिते आहे. उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या आणि त्याच जोडीला वजने उचलू पाहणाऱ्या अनेक बायकांना आपल्याला समजून घेणारे कोणी भेटेल असा विश्वासच उरलेला नसतो. नुकतीच मी ४०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, २७ तासांच्या मुदतीत पूर्ण केली. शेवटच्या चढावर उभी राहून पेडल मारत असताना माझी कंबर दुखत नव्हती, आणि हे कुणामुळे घडले याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी ज्या ज्या दारात गेले, तिथे मला एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत ऐकावी लागली, ती म्हणजे दोहोंपैकी एक काहीतरी निवडा. एका प्रशिक्षकाने माझे बोलणे पुरते ऐकून न घेताच दोन चिमुकली डंबेल्स हातात ठेवली आणि मी जड वजनांच्या रॅककडे बोट दाखवल्यावर, 'जड उचललेत तर अंग पुरुषी दिसेल' असे बजावले. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या स्नायू वाढवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण पुरुषांच्या मानाने फार कमी असते आणि आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठका, केल्याने कुणाचे स्नायू असे फुगत नाहीत, एवढी माहिती तरी त्या पेशातल्या माणसाला असायला हवी होती. दुसऱ्याने 'सायकलीने पाय होतातच' असे म्हणून माझ्या तक्त्यातून पायांचे सगळे व्यायाम काढून टाकले. सायकल चालवणाऱ्या मंडळींनी चढावर जादा वजन ओढावे लागेल अशी भीती घातली. एका जाणकाराने तर व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० सालच्या प्रयोगाचा हवाला दिला आणि ताकद व दमसास एकत्र वाढवू पाहणाऱ्याच्या पदरी ताकद पडत नाही, असा निकालच देऊन टाकला. या सर्वांचा सूर हितचिंतकाचा होता, हे मी नाकारत नाही. पण तुम्हाला नेमके कशासाठी हे हवे आहे, असा साधा प्रश्न त्यांपैकी एकालाही सुचला नाही, याचा राग मला अजूनही येतो आणि तो मी लपवणार नाही.

तो प्रश्न तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलात, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलला नाहीत. मी तुम्हाला सांगितले होते की २०० किलोमीटरच्या पुढे माझे पाय थकत नाहीत, थकते ते बाकीचे शरीर: मान वर उचलून धरवत नाही, कंबर वाकलेल्या स्थितीतच आखडते, तळहात बधिर होतात. शिवाय मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. सायकलीवर शरीराचा भार सॅडल आणि हँडल पेलतात, त्यामुळे हाडांवर जो ताण पडायला हवा तो पडत नाही, आणि वर्षानुवर्षे केवळ रस्त्यावरची सायकल चालवणाऱ्यांच्या मणक्याची हाडे अनेकदा विरळ आढळतात, हे मी वाचले होते. पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरू लागले की हाडांची झीज आणखी वेगाने होते, हेही ठाऊक होते. त्यावर तुम्ही मला १९८३ सालच्या 'रेस ॲक्रॉस अमेरिका' या अमेरिका आडवी पार करण्याच्या सायकल शर्यतीतल्या मायकेल शर्मर या सायकलपटूची हकिगत सांगितलीत. त्या शर्यतीत त्यांच्या मानेचे स्नायू इतके निकामी झाले की डोके उचलून धरणेच अशक्य झाले, आणि त्या दुखण्याला पुढे त्यांचेच नाव पडले. माझ्या तक्रारीला तुम्ही लाड म्हटले नाहीत, वयाचे कारण दिले नाही. ती तक्रार खरी आहे आणि तिच्यावर इलाज आहे, असे मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होते. हिक्सन यांच्या प्रयोगाबद्दल तुम्ही म्हणालात की त्यातली माणसे दहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस वजने आणि सहा दिवस दमसासाचा कठोर व्यायाम करत होती, आणि तरीही त्यांचा दमसास घटला नव्हता. आपल्याला तसे करायला कोण सांगते आहे? नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही तुम्ही दाखवलात. त्यात सायकलपटू स्त्रियांनी ११ आठवडे नेहमीच्या सरावाला जड वजनांची जोड दिली, तेव्हा ४० मिनिटांच्या चाचणीतली त्यांची कामगिरी सुधारली होती. विद्या पुष्कळांकडे असते, पण समोरच्या माणसाच्या कामी येईल अशा रीतीने ती मांडणारे थोडेच असतात.

तरीही या पत्राचे खरे कारण यांपैकी काहीच नाही. ते आहे तुमच्या वहीतली एक नोंद, जी तुम्ही बहुधा विसरूनही गेला असाल.

३०० ची ब्रेव्हे संपवून मी त्याच आठवड्यात तुमच्याकडे आले होते. मागच्या खेपेला डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा रॉड उभे राहून उचलण्याच्या व्यायामात, ७० किलो उचलले होते, तेव्हा त्याच्या खाली यायचे नाही असा निश्चय करूनच मी आले होते, आणि रॉडच्या दोन्ही बाजूंना प्लेट चढवूनही झाल्या होत्या. तुम्ही जवळ आलात, आपली दोन बोटे माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "करंगळी आणि अनामिकेने दाबून दाखवा." मी दाबू लागले, पण तासन्‌तास हँडलवर भार पडून तळहाताच्या कडेची नस दबलेली होती, आणि त्या दोन बोटांत जोर म्हणून नव्हता. आता उपदेश ऐकावा लागणार, अशी मनाची तयारी मी करून ठेवली. उपदेश झाला नाही. तुम्ही दोन्ही बाजूंची दहा-दहा किलोची एकेक प्लेट उतरवलीत, क्लिपा पुन्हा घट्ट बसवल्यात आणि नेहमीसारखेच "पाठ सरळ, रॉड पायाला घासून" एवढे म्हणून बाजूला उभ्या राहिलात. सेट झाल्यावर वहीत, आदल्या ७० च्या बरोबर खाली, त्याच निळ्या पेनाने तुम्ही लिहिलेत: '५० – ३०० नंतर'. तुमच्या अंगठ्याला लागलेल्या चॉकचा पांढरा ठसा त्या आकड्याशेजारी उमटला आणि तो अजूनही तिथे आहे.

ताई, ते तीन-चार सेकंदांचे लिहिणे होते. पण आधीच्या कोणत्याही तक्त्यात ते ५० किलो म्हणजे घसरण ठरले असते. शेजारी लाल फुली तरी पडली असती, नाहीतर 'सायकल कमी करा' असा शेरा तरी. तुम्ही त्या आकड्याशेजारी ३०० किलोमीटर मांडलेत, आणि रात्रभर रस्त्यावर काढलेले तास व रॉडवरचे किलो एकाच ओळीत, एकाच शरीराचे काम म्हणून जमा धरलेत. माझी दोन्ही कामे एकमेकींच्या आड येतात, हे मी इतक्या लोकांकडून ऐकले होते की कुणी त्यांची बेरीज करू शकते हे मला सुचलेच नव्हते. त्या दिवशी घरी जाताना मला रडू आले, आणि ते दुःखाचे नव्हते हे समजायला थोडा वेळ लागला.

त्यानंतर तुमच्या वहीत माझ्या पानावर सायकलीचा रकाना कायमचाच आला. पुढचा सगळा क्रम सांगत बसत नाही. एवढेच सांगते की सव्वा किलोच्या छोट्या प्लेटना मी पूर्वी कधी किंमत देत नसे, आणि आज त्यांच्याइतकी विश्वासू चीज दुसरी नाही असे मला वाटते. १५ किलोच्या रिकाम्या रॉडने सुरुवात केलेल्या माझ्या डेडलिफ्टमध्ये आता ८० किलो स्वच्छ उचलले जातात, आणि ४०० च्या अखेरीला माझ्या त्याच दोन बोटांनी ब्रेक व्यवस्थित दाबला जात होता. बधिरपणा पुरता गेलेला नाही. तो जितका कमी झाला त्यात हँडलची उंची बदलण्याचाही वाटा आहे, हे तुम्हीच मला प्रामाणिकपणे सांगितले होते, सगळे श्रेय स्वतःच्या व्यायामाला न घेता. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. समोरचा माणूस आपल्याकडे कुठून थकून आला आहे याची चौकशी करणे, त्याच्या शरीरावर त्याचाच अधिकार मानणे, आणि तो कमी उचलू शकला त्या दिवशीही त्याचा मान कमी न करणे, हे काही कुठल्या प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात शिकवत असतील असे मला वाटत नाही. ही माणुसकी आहे, आणि व्यायामशाळेतच नव्हे, जिथे जिथे एक माणूस दुसऱ्याच्या हाती आपले शरीर विश्वासाने सोपवतो तिथे सर्वत्र तिची नितांत गरज आहे.

पुढच्या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० या चारही ब्रेव्हे एकाच वर्षात पूर्ण करून सुपर रँदोनर व्हायचे माझ्या मनात आहे. ६०० ला ४० तास मिळतात, म्हणजे दुसऱ्या रात्रीही मान आणि पाठ शाबूत राहायला हवी. 'आदल्या आठवड्यात सेट कमी, वजन मात्र तेच' हे तुम्ही सांगून ठेवले आहे ते लक्षात आहे. रो (वजन अंगाकडे ओढणे) आणि ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणे) आत्तापासूनच वाढवावेत असे मला वाटते, पण ते तुम्ही ठरवा. येत्या सोमवारी येते आहे. हाताची बोटे आधी तपासून घ्या, मग रॉडवर किती चढवायचे ते बघू.

आपली कृतज्ञ,
एक सायकलस्वार विद्यार्थिनी