पैसे घेऊन गेम बंद करणाऱ्या कंपन्यांबाबत ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खाते,
गोवा सरकार, पर्वरी

सविनय नमस्कार.

ज्या कंपनीचे व्यवहार पटत नाहीत, तिचे व्हिडिओ गेम विकत घेऊ नयेत, असा सल्ला आम्हा गेम खेळणाऱ्यांना नेहमी दिला जातो. तो मला मान्य आहे आणि मी तो पाळतोही. परंतु बहिष्कार हा खरेदीपूर्वीचा उपाय आहे, आणि आमच्या बहुतेक तक्रारी पैसे देऊन झाल्यानंतरच्या असतात.

यूबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम 2014 मध्ये बाजारात आला. 31 मार्च 2024 रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवरच चालत असल्यामुळे, ज्यांच्या कपाटात रीतसर विकत घेतलेली डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. पूर्ण किंमत मोजून बसलेल्या या लोकांनी आता बहिष्कार घालायचा तरी कशावर?

बहिष्कार अगदीच वाया जातो असे नाही. 2017 मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’ विरुद्ध एवढी ओरड झाली की, गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी तो काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीला गेमच्या आत पैसे देऊन करायची खरेदी थांबवावी लागली. उलट 2009 मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर 2’ वर बहिष्काराची घोषणा करणाऱ्या गटातील अनेक सदस्य तो आल्याबरोबर तोच गेम खेळताना दिसले. आम्हा मंडळींचा निर्धार हा असा असतो; त्याच्या भरवशावर ग्राहकांचे संरक्षण सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

गेम ऑनलाइन घेताना खरेदीचे बटण ठळक असते. कराराचा दुवा मात्र बारीक अक्षरांत असतो, आणि तो उघडून वाचला तर कळते की आपल्याला गेम वापरण्याचा केवळ परवाना मिळाला असून कंपनी तो पुढे काढूनही घेऊ शकते. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून विक्रेत्याला ही गोष्ट खरेदीच्या वेळीच स्पष्टपणे सांगावी लागते. ‘लूट बॉक्स’चा प्रकार तर याहून वाईट आहे. आत काय निघेल हे न कळता पैसे देऊन उघडायच्या या पेट्यांना बेल्जियमच्या जुगार नियामकाने 2018 मध्ये जुगार ठरवले. मांडवीतील कॅसिनोंमध्ये गोमंतकीयांना 2020 पासून प्रवेशबंदी आहे, निदान कागदोपत्री. परंतु म्हापशातील शाळकरी मुलगा आईच्या यूपीआयवरून अशी पेटी उघडतो तेव्हा त्याला अडवणारे कोणी नसते.

यासाठी नवा कायदा करा, अशी माझी मागणी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे आणि सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपुष्टात आणण्याची मुभा देणारी अट तिच्यात येते. अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाला आहे. विशेष म्हणजे, तक्रारदार कोण होऊ शकतो या यादीत खुद्द राज्य सरकारचाही समावेश आहे. दोन-तीन हजार रुपयांच्या गेमसाठी एकटा ग्राहक वकील लावून परदेशी कंपनीशी भांडणार नाही, आणि त्याने तसे करावे असे मी कोणाला सांगणारही नाही. आपल्या खात्याला मात्र ते शक्य आहे.

म्हणून विनंती अशी की, विकलेला गेम मनास येईल तेव्हा बंद करण्याची मुभा कंपनीला देणाऱ्या अटींविरुद्ध गोवा सरकारने स्वतः पणजीतील राज्य आयोगाकडे तक्रार दाखल करावी. तसेच, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये काढलेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक (म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन रचनांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांच्या कक्षेत गेममधील खरेदीचे कोणते प्रकार येतात, याची विचारणा खात्याने प्राधिकरणाकडे करावी. तक्रारीस जोडण्यासाठी माझ्याकडील खरेदीची बिले आणि करारांच्या प्रती देण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
म्हापसा येथील एक ग्राहक