रेडिओ बसवून दिलात, पण टेस्टिंग कुठे केलंत?

विषय: विमानातल्या नवीन व्हीएचएफ रेडिओ सेटचं टेस्टिंग न करता त्याचे पैसे घेतल्याबद्दल

नमस्कार,

मागच्या महिन्यात आमच्या दोन सीटच्या विमानात तुमच्याकडून व्हीएचएफ सेट बसवून घेतला. बिलात सेट, अँटेना, वायरिंग आणि खाली वेगळी ओळ, टेस्टिंग व सेटिंग ८,५०० रुपये. सगळे पैसे त्याच दिवशी दिले. तक्रार त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे.

तुमचे टेक्निशियन हातात वॉकीटॉकी घेऊन विमानापासून वीस पावलांवर उभे राहिले, इंजिन बंद, विमान अर्धं हँगरमध्ये, मी पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून दोन शब्द बोललो, ते म्हणाले "एकदम क्लिअर साहेब" आणि सामान आवरायला लागले. अहो, वीस पावलांवर अँटेना खराब असला तरी ऐकू येतंच. त्याआधी तर सेट चालू होतो का बघायला त्यांनी थेट १२१.५ मेगाहर्ट्झवर "हॅलो चेक" केलं. ती इमर्जन्सीची फ्रिक्वेन्सी आहे, वरून जाणारी एअरलाइनची विमानं दुसऱ्या सेटवर ती लावून ऐकत असतात. मी तिथल्या तिथे थांबवलं, पण हे मी सांगायची वेळ यायला नको होती.

पुढच्या रविवारी मुलाला शेजारी बसवून निघालो. १२ मैलांवरून परत येताना विमानतळाचा कंट्रोल टॉवर मला स्वच्छ ऐकू येत होता, त्यांना मात्र माझं काहीच कळत नव्हतं, आधी "रीडेबिलिटी टू, से अगेन" (म्हणजे मधूनमधूनच कळतंय, पुन्हा सांगा) आणि मग तेही बंद. शेवटी सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, आल्यावर टॉवरने स्थिर हिरवा दिवा, म्हणजे उतरायची परवानगी, दाखवला तेव्हा उतरलो. मुलगा एक शब्द बोलला नाही, खाली आल्यावर मात्र त्याचा हात माझ्या हातात घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका इंजिनिअरने एसडब्ल्यूआर मीटर लावला, अँटेनातून किती पॉवर परत येते ते दाखवणारा. ११८ मेगाहर्ट्झवर ३.८, १२७ वर ३.१, १३६ वर ४. म्हणजे सेट जी पॉवर देतो त्यातली पाव ते एक तृतीयांशाहून थोडी जास्त अँटेनातून परत सेटकडेच येते. मग त्यांनी लाकडी पट्टीने अँटेनाचा बेस वरून दाबला आणि मीटर सरळ १.७ वर आला, पट्टी काढली की पुन्हा वर. आतून बघितलं तर पत्र्यावरचा प्रायमर खरवडलेलाच नाही, बेस रंगावर बसवून स्क्रू पिळलेत. बेस आणि पत्रा यांच्यामध्ये मल्टीमीटर लावला तर रोध कधी २ ओहम, कधी ४०. अँटेनाला पत्र्याचं ग्राउंड मिळालं नाही तर तो काम कसा करणार? फोटो आणि मीटरचा व्हिडिओ सोबत जोडलाय. खरवडून आम्हीही घेतलं असतं, पण वॉरंटी तुमची आहे म्हणून हात लावला नाही.

इंजिन चालू करून बघितलं तर अजून एक. हेडसेटमध्ये शिट्टीसारखा आवाज येतो आणि आरपीएम वाढवला की तोही चढतो, म्हणजे तो अल्टरनेटरचाच. माइक गेन, म्हणजे माइक किती आवाज उचलतो ते, सेट केलेलाच नाही, कंपनीतून आला तसाच, त्यामुळे बोलण्यापेक्षा इंजिनच जास्त जातं. हे इंजिन बंद ठेवून कधीच कळणार नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की ज्याचे पैसे घेतलेत ते काम करून द्या. अँटेनाचा बेस काढून नीट ग्राउंड करा, खालच्या, मधल्या, वरच्या फ्रिक्वेन्सीवर एसडब्ल्यूआरचे आकडे लिहून द्या. इंजिन, स्ट्रोब, लाइट सगळं चालू ठेवून माइक गेन, साइडटोन (आपलाच आवाज हेडसेटमध्ये), स्क्वेल्च (खरखर बंद ठेवणारं सेटिंग) लावा. पीटीटी दाबल्यावर होकायंत्र हलतं का ते बघा. जीपीएससुद्धा बघा, १२१.१५० आणि १३१.२५० वर अर्धा मिनिट ट्रान्समिट धरून, कारण पहिल्याची १३ पट आणि दुसऱ्याची १२ पट जीपीएसच्या १५७५ मेगाहर्ट्झजवळच येते. आणि मग टॉवरला आधी विचारून हवेत, लांबून, पूर्ण गोल फिरत चेक, म्हणजे विमानाची कुठली बाजू आडवी येते तेही कळेल. हे सगळं मला कागदावर, सही करून पाहिजे.

पंधरा दिवसांत अनुभवी माणूस पाठवा, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च मी देणार नाही. जमत नसेल तर अँटेना, वायरिंग आणि टेस्टिंगचे पैसे परत करा, काम दुसरीकडून करून घेतो. तोपर्यंत विमान हँगरमध्येच उभं आहे.

आपला,
एक ग्राहक