कपाचा कान, बरणीचा गळा

ती. आई-बाबांना सा. न.

खोक्यात बाबांचा कप आणि आईची लोणच्याची बरणी आहे. दोन्ही स्टोनवेअर, म्हणजे १२२० अंश सेल्सिअसला भाजलेली कडक, दाट मातीची भांडी.

बाबा, कपाचा कान मुद्दाम मोठा ठेवलाय. लहान कान चिमटीत धरावा लागतो आणि आखडलेल्या बोटांवर सगळा भार येतो. यात तीन बोटं आरपार जातात. ही माती भाजून साधारण १२ टक्के आटते. चाकावरचा १० सेंमीचा कप हाती येतो ८.८ सेंमीचा, म्हणून ओला कान बेढबच दिसायला हवा. कप चामड्याइतका घट्ट झाला की कान जोडायचा: दोन्हीकडे ओरखडे, वर त्याच मातीची दाट राबडी, मग दाब. पुढे दोन-तीन दिवस प्लॅस्टिकखाली, कारण बारीक कान आधी वाळतो आणि सांध्याशी तडकतो. खालच्या सांध्यावर अंगठ्याचा ठसा दिसेल. तिथे माती दाबली नाही तर कान सुटतो. नक्षी फुकटात मिळाली.

ही कला की भांडी, असं तुम्ही विचारता. पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या मातीकाम करणाऱ्या कलाकारांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे जेवणाची भांडीही घडली आणि मीकर यांची अवाढव्य शिल्पंही. मला तर कान जास्त अवघड वाटतो.

आई, बरणीच्या गळ्याखालची खाच दादऱ्याच्या दोरीसाठी आहे, आणि तोंडातून डावासकट मूठ जाते. तांब्याचा हिरवा रंग फक्त बाहेर. आत साधं पांढरं ग्लेझ (भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा लेप), कारण आंबट-खारट खारात तांबं उतरू शकतं. त्याच ग्लेझच्या तुकड्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहिली, डाग पडला नाही. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं तर केसासारख्या चिरा पडतात आणि त्यांत तेल मुरतं. तशी चीर कधी दिसली तर त्यात लोणचं नको, डाळ भर. झाकण टेकतं त्या कडेला ग्लेझ नाही, नाहीतर भट्टीत झाकण कायमचं चिकटलं असतं. त्या कोऱ्या कडेवर हळद बसेल. बसू दे.

कैरी भरण्याआधी बरणी धुऊन दोन दिवस उन्हात ठेव, झाकण वेगळं काढून. आणि बाबा, फ्रीजमधून काढलेल्या कपात उकळता चहा ओतू नका.

तुमची लेक