खोडलेलं दिसलं पाहिजे

प्रिय सोन्या,

तू परवा पाठवलेली, तुमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन काय येणार त्याची पीडीएफ दोनदा वाचली, एकदा मोबाइलवर आणि एकदा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणून, कारण हातात पेन घेऊन कागदावर बघितल्याशिवाय मला हिशोबातलं काही नीट दिसत नाही. तू म्हणालास आई पुढच्या महिन्यात आमचं रिलीज आहे, तू रोज एन्ट्र्या मारतेस तर बघून सांग. फोनवर सांगितलं असतं पण तुझी मधेच मीटिंग लागते आणि राहून जातं, म्हणून बसून टाईप करतेय. मोठं होईल, रात्री जेवण झालं की निवांत वाच.

आधी हे सांगते की मला फार आनंद झाला रे. २८ वर्षं मी दुसऱ्यांचे हिशोब लिहिले आणि आता ते जिथं लिहितात ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत माझा मुलगा आहे. टॅलीचं कसं झालं तुला माहीतच असेल, बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका, त्यांचा कापडगिरण्या वगैरेंना कच्चा माल आणि मशीनचे पार्ट पुरवायचा धंदा होता, मनासारखं हिशोबाचं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी मुलालाच, भरतला, सांगितलं की तूच लिही. १९८६ ची गोष्ट. पुढे २०२० मध्ये भरत गोएंकांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी पेपरमधलं कात्रण काढून ठेवलं होतं. काय पाहिजे ते सांगणारा माणूस घरातच होता हे मला त्यात सगळ्यात आवडतं. म्हणून तू विचारलंस ते बरं केलंस, आता माझं ऐक.

दराला तारीख लावायचं जे फीचर आहे, म्हणजे हा जीएसटी दर अमुक तारखेपासून लागू, ते मला एकदम पसंत. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला दर बदलले तेव्हाचं तुला आठवतंय ना, तू फोन करत होतास आणि मी उचलत नव्हते. माझ्याकडे नऊ दुकानांचे हिशोब, त्यातलं एक स्टेशनरीचं, वह्या १२ टक्क्यांवरून शून्यावर, एकाची किराणा एजन्सी, साबण टूथपेस्ट केसांचं तेल सगळं १८ वरून ५ वर, आणि भांड्यांच्या दुकानात १२ चे ५. २१ तारखेच्या रात्री दीडपर्यंत बसून एकेक आयटम उघडून दर बदलले. आणि खरा त्रास पुढे ऑक्टोबरमध्ये झाला, ऑगस्टमध्ये विकलेला माल परत आला, त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करायचा कागद, करायला गेले तर सॉफ्टवेअर नवा ५ टक्के दर धरतंय, आणि नियम असा की ज्या बिलातला माल परत आला त्या बिलाचाच दर लागणार. एका पार्टीच्या सात क्रेडिट नोटा परत कराव्या लागल्या. तर तुम्ही दराला तारीख लावताय ते उत्तम, पण टेस्ट करताना नुसतं नवीन बिल काढून बघू नका, जुन्या बिलाची क्रेडिट नोट नवीन तारखेला काढून बघा, ती मूळ बिलाकडे जाते का. नाही गेली तर ते फीचर अर्धंच म्हणायचं.

फोटोवरून एन्ट्री. बिलाचा फोटो काढला की पार्टी, आयटम, रक्कम आपोआप भरली जाणार असं लिहिलंय. छापील बिलाला चालेल, पण आपल्या सांगलीच्या गणपती पेठेत अजून निम्मी बिलं हातानं लिहिलेली येतात, मराठी आकड्यात, त्यात घाईत लिहिलेला १ आणि ९ मलासुद्धा दोनदा बघावा लागतो. म्हणून अशी एन्ट्री थेट लेजरला, म्हणजे पक्क्या खात्याला, जाऊ देऊ नका, बाजूला "तपासायच्या" म्हणून थांबू दे, माणसानं बघितली की मग चढू दे.

तसंच ते "एका क्लिकमध्ये सगळी बिलं स्वीकारा" बटण. जीएसटी पोर्टलवर ऑक्टोबर २०२४ पासून इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम आली, सप्लायरनं आपल्या नावावर टाकलेलं बिल आपण स्वीकारायचं, नाकारायचं किंवा पेंडिंग ठेवायचं, आणि काहीच केलं नाही तर १४ तारखेला टूबी, म्हणजे आपल्याला खरेदीवर किती कर परत धरता येईल त्याचं पत्रक, तयार होताना ते स्वीकारलं असंच धरतात. म्हणजे स्वीकारायला मुळात काही करावंच लागत नाही, मग तिथं बटण कशाला? बटण पाहिजे ते आपल्या खरेदीत नसलेली बिलं वेगळी काढून दाखवणारं. मागे एका दुकानाच्या नंबरवर भलत्याच गावच्या सप्लायरची तीन बिलं आली होती, मी डोळ्यांनी बघितली म्हणून कळलं.

एमएसएमईच्या ४५ दिवसांच्या इशाऱ्यातही एक चूक दिसते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसेल तर १५, तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरत नाहीत, पैसे देतो त्या वर्षी धरतात. २०२३-२४ च्या हिशोबापासून हे लागू झालं. तुमच्या पीडीएफमध्ये उद्यम नंबर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा नंबर, असलेल्या प्रत्येक पार्टीला लाल खूण येणार असं आहे. पण व्यापाऱ्यांना उद्यम नंबर मिळतो तो बँकेच्या कर्जासाठी, हा नियम त्यांच्या बिलांना लागू होत नाही, कारखानदार आणि सेवा देणाऱ्यांना होतो. मग पार्टी बनवतानाच उत्पादन, सेवा की व्यापार हे विचारा. नाहीतर आमच्या पेठेत सगळी यादी लाल दिसेल आणि आठ दिवसांत लोक तिकडे बघायचंच सोडतील.

व्हॉट्सअॅपवर बिल जाणार, छान. पण उधारीची आठवण आपोआप जाऊ देऊ नका, निदान पार्टीगणिक बंद करायची सोय द्या. कुणाकडे मयत झालेली असते, कुणाच्या मुलीचं लग्न असतं, येणं कधी मागायचं हे दुकानदाराला कळतं. डॅशबोर्ड आणि गडद रंगाचा स्क्रीन ठीक आहे, त्यावर मला काही म्हणायचं नाही.

क्लाऊड बॅकअपबद्दल मात्र म्हणायचंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तू हॉस्टेलवर होतास, आम्ही तुला सगळं सांगितलं नव्हतं. पाणी उतरल्यावर मी पेठेत गेले, चिखल गुडघ्याएवढा, आणि मी लिहायचे त्या दोन दुकानांतले कॉम्प्युटर पालथे पडलेले. बॅकअप होता की, रोज घ्यायचे मी, पण पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. एका दुकानाचा डेटा सीएकडे मार्चपर्यंतचा होता, पुढचे चार महिने मी पार्ट्यांकडून बिलांच्या कॉप्या मागवून परत लिहिले, दिवाळी त्यातच गेली. दुसऱ्याचं येणं किती होतं ते शेवटपर्यंत पूर्ण जुळलं नाही, ज्यांनी आपणहून येऊन सांगितलं तेवढंच धरलं, आणि खूप जणांनी येऊन सांगितलं हेही लिहिते. तर बॅकअप मोठ्या प्लॅनमध्येच देऊ असं ठरवत असाल तर सोन्या माझी विनंती आहे, सगळ्यात छोट्या प्लॅनमध्ये द्या. मोठ्यांकडे दुसरी सोय असते. आणि परत आणून बघायची सोय पण द्या, बॅकअप उघडतो की नाही हे पूर आल्यावर कळून काय उपयोग.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. पान ११ वर एडिट लॉगचं आहे, म्हणजे कुणी कधी कुठला आकडा बदलला त्याच्या नोंदीचं. कंपनी प्लॅनमध्ये कायम चालू, आणि छोट्या प्लॅनमध्ये "ऐच्छिक, सुरुवातीला बंद, अॅडमिन कधीही बंद-चालू करू शकतो". मला माहितीय असं का केलंय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. आमच्याकडची दुकानं एकाच्या नावावरची नाहीतर भागीदारीतली, त्यांना तो कायदा नाही, म्हणून तुम्ही सोडून दिलं.

मी कामाला लागले तेव्हा आमचे दिवाणजी होते, त्यांनी मला कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला शिकवली. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलेलं, आकडा चुकला तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. ब्लेडनं खरवडायचं नाही. पान फाडायचं नाही, पानांना नंबर असायचे. मग कॉम्प्युटर आला आणि आकडा बदलला की जुना आकडा होता याचाच पत्ता राहिला नाही.

२००९ साली, तू चौथीत होतास, मी पेठेतल्या एका दुकानात पूर्णवेळ होते. नाव लिहीत नाही. रोज रात्री रोजमेळ जुळवून, रोकड शिल्लक मोजून मगच घरी यायचे. दसऱ्यानंतर मालकांनी मोजलं तर १८,४०० कमी. कॉम्प्युटरवर बघितलं तर दहा दिवसांपूर्वीच्या एका खर्चाच्या व्हाऊचरचा आकडा वेगळाच, मी लिहिलेला नव्हता. मागे जाऊन कुणीतरी बदलला होता. पण लॉगिन एकच, पासवर्ड दुकानातल्या चौघांना पाठ, आणि व्हाऊचरवर कोण कधी असं काहीच नाही. माझ्याकडे छोटी डायरी होती, रोजची शिल्लक लिहिलेली, ती दाखवली. ते म्हणाले डायरी काय, घरी बसूनही लिहिता येते. मला कुणी चोर म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून गल्ल्याची किल्ली माझ्याकडे द्यायचं बंद झालं. मी दोन महिन्यांनी सोडलं. तुला सांगितलं होतं की लांब पडतं म्हणून सोडलं.

कुणी केलं ते आजही मला माहीत नाही. जुना आकडा, नवा आकडा, वेळ आणि नाव, एवढी एक ओळ त्या दिवशी स्क्रीनवर दिसली असती तर पुरे होतं.

म्हणून छोट्या प्लॅनमध्ये पण लॉग पहिल्या दिवसापासून चालू पाहिजे आणि बंद करायचं बटणच नको. आणि त्याच्याबरोबर दुसरं, जे कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल, छोट्या प्लॅनमध्ये तुम्ही एकच युजर देताय आणि दुसऱ्या युजरला वेगळे पैसे. मग दुकानदार एकच पासवर्ड सगळ्यांना सांगणार आणि लॉगमध्ये सगळीकडे "अॅडमिन" येणार, त्याचा काय फायदा? निदान तीन नावं फुकट द्या, मालक, दिवाणजी आणि पोरगा. व्हाऊचर डिलीट केलं तर नंबर गायब होऊ देऊ नका, "रद्द" म्हणून जागेवर दिसू दे. आणि तो लॉग मराठीत वाचता आला पाहिजे, कारण तो ज्याला बघायची वेळ येते तो सीए नसतो.

तुझे साहेब म्हणतील की दुकानदारच म्हणतात बंद करायची सोय द्या. म्हणतात, मला माहितीय, माझ्याच नऊतले दोघे म्हणतील. पण सॉफ्टवेअरचे पैसे मालक देतो आणि संशय लिहिणाऱ्यावर येतो, आणि लिहिणाऱ्याला तुमच्या मीटिंगला कुणी बोलवत नाही. तू आहेस तिथं.

आणि रिलीज महिन्याच्या ७ ते २० मध्ये करू नका रे, ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर वन, २० ला थ्रीबी ही जीएसटीची रिटर्नं, त्या दिवसांत स्क्रीनवरचं एक बटण जरी हललं तरी आमचे हात चुकतात. २१ नंतर करा.

शनिवारी येतोयस तर ते टेस्टिंगचं व्हर्जन लॅपटॉपमध्ये टाकून आण. भांड्यांच्या दुकानाचं सप्टेंबर मी त्यांना विचारून काढून ठेवलंय, सगळी बिलं आणि परत आलेला माल आहे त्यात, दोघं मिळून चढवून बघू. मीटिंग गुरुवारी आहे म्हणालास, पान ११ चं बोललास की मला फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझी,
आई