जाहीर नोटीस आणि उधळ्या पुत्राचा बाप

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर, बियाण्यांच्या जाहिराती आणि वधू-वर सूचक यांच्या मध्ये, अधूनमधून एक ठराविक मजकूर असतो. तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझा मुलगा माझ्या कह्यात राहिलेला नाही, सबब आजपासून माझा त्याच्याशी कोणताही संबंध नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार राहणार नाही. खाली बापाचे नाव, गाव आणि वकिलाचे नाव. गेल्या आठवड्यात अशी एक नोटीस वाचली आणि त्याच रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) बायबलातल्या लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, वाचला गेला. या दोन्हींबद्दल मला काही सांगावयाचे आहे.

नोटीस देणाऱ्या बापाला मी दोष देत नाही. पोराने उचललेल्या पैशांसाठी म्हाताऱ्याच्या दारात सावकार येऊन बसू लागला की माणूस वकिलाकडे जातोच. कायद्याने तिचा उपयोग फार थोडा आहे. वडिलोपार्जित जमिनीतला मुलाचा हक्क अशा चार ओळींनी संपत नाही. पण गावाच्या दृष्टीने ती नोटीस म्हणजे मुलाचे दिवस घातल्यासारखेच असते.

येशूने सांगितलेल्या दाखल्यात उलट आधी मुलगाच बापाचे दिवस घालतो. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा मानला जात असल्याने, बाप जिवंत असताना वाटणी मागणारा पोरगा आपल्याला फार तर उतावळा वाटतो. ज्यू लोकांच्या रिवाजात हिस्सा बापाच्या पश्चात मिळायचा (थोरल्याला दुप्पट, म्हणजे दोघा भावांत धाकट्याला एक तृतीयांश), त्यामुळे तो आधी मागणे म्हणजे ‘तुम्ही मला मेल्यात जमा’ असे तोंडावर सांगणे होते. बाप एक शब्द न बोलता वाटणी करून देतो. मुलगा दूर देशी जाऊन सगळे उडवतो, तिकडे दुष्काळ पडतो आणि ज्या प्राण्याचा ज्यू माणसाला विटाळ, त्या डुकरांपुढच्या शेंगांनी तरी पोट भरावे असे त्याला वाटू लागते. तेथे तो घरी गेल्यावर म्हणायची वाक्ये जुळवतो: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक राहिलो नाही, मला एखाद्या मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. आमच्या भागात बोलायचे तर, मला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, म्हणून ठेवा. राबेन आणि फेडेन, असा त्याचा हिशेब होता.

तो अजून लांब आहे तोच बाप त्याला पाहतो. मूळ ग्रीक भाषेत येथे जे क्रियापद आहे ते आतड्यांवरून आलेले आहे; ‘आतड्याला पीळ पडला’ हे आपले बोलणे त्याच्या फार जवळ जाते. आणि तो पोक्त घरधनी, ज्याने चारचौघांत धावणे त्या काळी कमीपणाचे समजले जाई, धावत सुटतो. गळामिठी होते. मुलगा जुळवलेली पहिली दोन वाक्ये म्हणतो. तिसरे तोंडातून निघण्याच्या आतच बाप चाकरांना उत्तम झगा, अंगठी आणि वहाणा आणायला सांगून मोकळा होतो. सालदारकीचा विषय तो निघूच देत नाही. ख्रिस्ती शिकवणीत कृपा म्हणतात ती हीच: परतफेडीचा पहिला दिवस उजाडण्याआधी मिळालेले मुलगेपण. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, हे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात लिहिले त्याचा अर्थही हाच आहे. असा बाप मराठी माणसाला आईसारखा वाटावा यात नवल नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आईच्या नात्याने हाक मारली, आणि आपल्या धरणगावच्या बालकवींना त्यांनी धर्म बदलण्याची अट न घालता अहमदनगरला पोटच्या मुलासारखे घरात ठेवून घेतले होते.

मी हे तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण मी थोरला भाऊ आहे. तीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने आपल्या हिश्श्याची अडीच एकर जमीन विकली आणि तो सुरतेला निघून गेला. पुढे पैसे संपले, देणेकरी मात्र आमच्या दारात येऊ लागले. तेव्हा नोटिशीचा मजकूर मीच लिहिला होता. वडिलांनी तो वाचला, घडी केली आणि बायबलात ठेवून दिला. ते गेल्यानंतर तो कागद मला तेथेच सापडला. सहीची जागा कोरी होती.

एका संध्याकाळी कापसाला पाणी भरून मी घरी आलो तर पुरणाचा वास आला. आखाजी (अक्षय्य तृतीया) नव्हती, पाहुणे नव्हते. आई चुलीवरच्या खापरावर मांडे टाकत होती आणि भाऊ वडिलांचे धुतलेले धोतर नेसून ओट्यावर बसला होता. मी पाय न धुता तसाच खळ्यात जाऊन बसलो. थोड्या वेळाने वडील आले, माझ्याशेजारी मातीत बसले आणि बऱ्याच वेळाने अहिराणीत एवढेच म्हणाले, ‘तो तुना भाऊ शे.’

दाखल्यातला थोरलाही शेतातून येतो आणि आत जायला नाकारतो. तो ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो, बाप ‘हा तुझा भाऊ’ म्हणतो. इतकी वर्षे मी तुमच्याकडे गुलामासारखा राबलो, हे त्याचे वाक्य मला स्वतःच्या आवाजात ऐकू येते. धाकटा सालदार व्हायला निघाला होता, थोरला घरात राहूनच सालदार झाला होता; म्हणून बापाला त्याच्यासाठीही बाहेर यावे लागले. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. मी त्या रात्री उशिरा गेलो. मांडा गार झाला होता.

अशा क्षमेने मुले शेफारतात, असे पुष्कळ जण म्हणतात. पण बापाने उरलेल्यात नवी वाटणी केली नाही. ‘जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे’ असे त्याने थोरल्याला सांगितले. आमचीही विकलेली जमीन परत आली नाही. भाऊ दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर काम करून पोट भरतो. झालेले नुकसान कोणालातरी सोसावे लागते. दाखल्यात ते बाप सोसतो, आणि वधस्तंभावर ते देवाने स्वतः सोसले अशी आमची श्रद्धा आहे. आईबापांवर हात उचलणाऱ्याला आहे तसा घरात घ्या, असा अर्थ यातून कोणी काढू नये. दाखल्यातला बाप मुलाच्या मागे दूर देशी गेला नव्हता, तो वाट पाहत होता.

म्हणून आपणास एक विनंती आहे. संबंध तोडल्याच्या नोटिशीचे पैसे आपण जरूर घ्यावेत. मात्र त्याच बापाला पुढे ती मागे घ्यावीशी वाटली, तर तेवढ्याच ओळी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत आपण विनामूल्य छापाव्यात. सुरतेत किंवा पुण्यात एखाद्या खोलीवर राहणारा मुलगा नोटीस छापून आल्यापासून गावी येण्याचे टाळत असेल, तर त्याला ही मागे घेतल्याची नोटीस कोणीतरी वाचून दाखवील. मसुदा सोबत जोडला आहे. त्यात ‘माझा मुलगा’ हे शब्द मी पहिल्याच ओळीत घेतले आहेत.

आपला,
एक वाचक
ता. शहादा, जि. नंदुरबार